गावातच महाविद्यालय



अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोलिएट नावाचे शहर आहे. तेथे १९०१ साली हायस्कुलाच्या इमारतीतच, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी, दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. मुलांना गाव न सोडता विद्यापीठाचा पूर्वार्ध पुरा करता यावा, हा त्यामागील हेतू. आज तेथे पदवीच्या पूर्वतयारीबरोबरच परिचर्या, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, पाककला हेही विषय शिकवितात. पुस्तकी विद्या व हातची विद्या एकाच छपराखाली नांदतात.

आपला शिष्यवृत्तिनिधी मात्र अद्यापि पदवीलाच ओळखतो. परिचर्येची पदविका घेणाऱ्या कन्येने, यंत्रकाम शिकणाऱ्या मुलाने कोणाकडे पाहावे? निधीचे दार त्यांनाही खुले व्हावे, अशी आम्ही समस्त ज्ञातिबांधवांस नम्र विनंती करतो.