पाण्याची चावी आणि पाण्याचा हक्क
(घाटकोपर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी काहीजण उद्या महापालिकेच्या जलअभियंता खात्यात जाल. मी अभियंता नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा धरण कसे बांधावे हे मी सांगणार नाही. साठलेले पाणी कोणाला आणि केव्हा मिळावे, एवढ्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधतो.

१८६० साली विहारचे पाणी मुंबईला मिळू लागले. पुढे तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा असे करीत आपण नाशिक जिल्ह्यापर्यंत पोहोचलो. हे पाणी मुख्यतः भांडुपला शुद्ध होते. येथवर सारे अभियांत्रिकीचे कर्तृत्व. परंतु शहराच्या बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळीच येते. रस्त्याखालील झडपा उघडणाऱ्या कामगारास आपण चावीवाला म्हणतो. कोणती झडप किती वेळ उघडावी, हा निर्णय तांत्रिक दिसला तरी मुळात तो वाटपाचा, म्हणजेच न्यायाचा निर्णय असतो.

दुर्मीळ वस्तूला योग्य किंमत लावा, वाटप आपोआप सुधारेल, असे मी वर्गात सांगत असे. एकदा येथल्याच डोंगरावरील वस्तीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडे नळ नाही. आम्ही पिंपाने पाणी विकत घेतो. लिटरमागे तुमच्यापेक्षा जास्तच मोजतो." मी निरुत्तर झालो. किंमत तो देतच होता. त्याला नव्हता तो हक्क.

याच हक्कासाठी मृणाल गोरे गोरेगावात लढल्या आणि लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, झोपडी अनधिकृत आहे म्हणून तेथील माणसाला पाणी सर्वस्वी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

अशाने बेकायदा वस्त्यांना उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. पण नळ नाकारल्याने तहान थांबत नाही. माणूस चोरून जोडणी घेतो. ती गळते, पाणी दूषित होते आणि महसूलही बुडतो. रीतसर जोडणीला मीटर असतो, देयक असते. न्याय आणि हिशेब येथे एकाच बाजूला आहेत.

म्हणून एक विनंती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चावीवाल्याबरोबर, पाणी सुटण्याच्या वेळी, डोंगर चढून शेवटच्या घरापर्यंत जा. आणि एखाद्या उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातही जा. आपली धरणे जेथे आहेत, तेथील गावे टँकरची वाट पाहताना दिसतील. ही दोन दृश्ये पाहूनच नकाशा उघडा.