बिलातील दान

लोकोपयोगी सेवांसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न निघाला की विजेच्या वा पाण्याच्या बिलातच ऐच्छिक देणगीचा एक रकाना घालावा, अशी सूचना हटकून पुढे येते. ती निरुपद्रवी दिसते. म्हणूनच नीट तपासली पाहिजे.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात पाल्मेटो इलेक्ट्रिक या ग्राहकांच्याच मालकीच्या सहकारी वीजसंस्थेने १९८९ साली असा प्रयोग सुरू केला. बिल ८४ डॉलर ३५ सेंट आले, तर ते ८५ डॉलर धरावयाचे. वरचे ६५ सेंट मदतनिधीत. महिन्याला ९९ सेंटांहून अधिक कोणाचे जात नाहीत, म्हणजे वर्षाकाठी फार तर ११ डॉलर ८८ सेंट, सरासरीने सहाएक डॉलर. निधीचे वाटप स्वतंत्र विश्वस्त मंडळ करते. पुढे शेकडो सहकारी वीजसंस्थांनी ही पद्धत उचलली. शेजारधर्माला हिशेबाची शिस्त लावणारी ही युक्ती. तिचे श्रेय सहकाराला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

खोच आहे ती ‘ऐच्छिक’ या शब्दात. यांतील कित्येक संस्थांत सभासद आपोआप योजनेत धरला जातो. नको असेल तर त्याने तसे कळवावयाचे. बिलाचा कागद बारकाईने न वाचणाऱ्याचे मौन म्हणजे संमती काय? शिवाय बिल म्हणजे काही देवळातली दानपेटी नव्हे. ते थकले तर घरातला दिवा जातो. त्या धास्तीने गरीब ग्राहक छापलेली सगळी रक्कम भरून मोकळा होतो. त्यात देणे किती आणि दान किती, हे विचारीत बसत नाही. तेव्हा संमती आधी लेखी घेतली पाहिजे, देणगीचा आकडा वेगळा छापला पाहिजे आणि ती नाकारल्याने वीजजोडणीला धक्का लागता कामा नये.

याहून मोठा प्रश्न, कोणती सेवा दानावर सोडावयाची हा. एखाद्या वृद्धेचे गळके छप्पर सहा-सहा डॉलरांतून खुशाल दुरुस्त व्हावे. रुग्णवाहिकेचे तसे नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ती सेवा पूर्वी ऐच्छिक वर्गणीवर बरीचशी विसंबून होती; वर्गणी न भरणाऱ्याच्या हाती रुग्णवाहिकेचे बिल पडे. २००३ साली सरकारने वर्गणी मोडून वीजबिलावर सक्तीचा आकार बसविला. निवृत्तिवेतनधारकांना सूट होती. एरवी बंगलेवाला आणि मजूर यांना आकार एकच! लोकांची नाराजी वाढत गेली. अखेर १ जुलै २०११ पासून तो आकार रद्द झाला आणि खर्च राज्याच्या तिजोरीवर आला. रुग्णवाहिका तेथील रहिवाशांना आजही विनामूल्य मिळते.