हिरवं वाढलं, मग काका खूश का नाहीत?

(भागाचा लिखित मजकूर)

लोकलमध्ये उभे असाल तर एक हात दांडीला ठेवा, दुसऱ्या हातात फोन असेलच. आज त्याच फोनवर आपण आपली खाडी बघणार आहोत. आणि तीही आकाशातून.

मी मुलुंड पूर्वेला वाढले. ऐरोलीच्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना दिसणारं ते हिरवं जंगल म्हणजे कांदळवन. लहानपणी आम्ही त्याला नुसतं 'झाडी' म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात मी एक उद्योग केला. उपग्रहांची जुनी चित्रं फुकट मिळतात, त्यातलं १९९० च्या आसपासचं एक आणि आत्ताचं एक, अशी दोन शेजारी ठेवली. भांडुप-मुलुंडच्या बाजूला खाडीकाठचा हिरवा पट्टा चक्क रुंद झालेला दिसला! मी खूश. म्हटलं, मुंबईत काहीतरी चांगलं घडतंय.

मग भांडुप पंपिंग स्टेशनकडे गेले होते, तेव्हा एका ओळखीच्या कोळी काकांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "हिरवं वाढलं गं पोरी, पन आमचा चिखल कुठं गेला?"

आजचा भाग या एका प्रश्नावर आहे.

आधी उपग्रहाला झाडं दिसतात कशी ते बघू. पान लाल प्रकाश शोषून घेतं, त्यावर ते अन्न बनवतं. पण लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते परत फेकतं. उपग्रह दोन्ही मोजतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. आला आकडा, उणे एक ते अधिक एकच्या मधला. याला एनडीव्हीआय म्हणतात. पाणी शून्याच्या खाली, चिखल शून्याच्या जवळपास आणि दाट पानं वर. बस, इतकंच गणित आहे.

लँडसॅट मालिकेच्या उपग्रहांकडे १९८० च्या दशकापासूनची अशी चित्रं आहेत, २००८ पासून ती सगळ्यांना मोफत झाली. त्यातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा, म्हणजे त्यात एक अख्खी छोटी सोसायटी मावेल. २०१५ नंतर युरोपचा सेंटिनेल-२ आला. त्याचा ठिपका १० मीटरचा, साधारण दोन वन बीएचके.

आता गोम ऐका. वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन १९८७ मध्ये १४० चौरस किलोमीटर होतं, २०२१ मध्ये ३२४. दुपटीहून जास्त! पण तेव्हाच्या चित्रातला ठिपका ८० मीटरचा होता. खाडीकाठच्या अरुंद पट्ट्या त्यात दिसायच्याच नाहीत. म्हणजे वाढीतला काही भाग झाडांचा आहे आणि काही भाग आपल्या चष्म्याचा नंबर सुधारल्याचा. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी ते मोजले कशाने, हे विचारायलाच हवं.

दुसरी गोम महिन्याची. पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही. ऑक्टोबरचं घ्यावं, तर आपल्याकडच्या तिवराच्या झाडांवर पावसाळ्यानंतर कधी कधी अळ्यांची धाड पडते. पानं फस्त, जंगल तपकिरी. नकाशात वाटेल की कोणीतरी झाडं मारली. काही आठवड्यांत नवी पालवी येते. म्हणून दरवर्षीचा जानेवारी जानेवारीशीच ताडून बघायचा.

तिसरी गोम भरतीची, आणि ही मला काकांनी शिकवली. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. तेव्हा भरती असेल तर चिखल पाण्याखाली, ओहोटी असेल तर उघडा. मी काकांना म्हटलं, "मग कुठल्या दिवशी काय होतं हे कळणार कसं?" ते हसले. "तिथीची पाऊणपट कर." अष्टमी म्हणजे आठ. आठची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. पुनवेला-अवसेला मात्र बाराच्या सुमारास भरती. मी घरी येऊन दोन्ही चित्रांच्या तिथी तपासल्या. माझं जुनं चित्र अष्टमीच्या जवळचं निघालं, नवं पुनवेच्या जवळचं! ज्याला मी पाणी समजत होते, त्यात बुडालेला चिखलही होता.

मग मी नवं चित्र बदललं, दोन्ही अष्टमीच्या आसपासची घेतली. काकांचा चिखल थोडा परत आला. पण सगळा नाही. हिरवा पट्टा खरंच चिखलावर सरकलाय. खाडीत गाळ साचतो, शहराचं सांडपाणी येतं, चिखलाची पातळी वर येते आणि भरतीबरोबर वाहत आलेली तिवराची रोपं तिथे मूळ धरतात. ठाणे खाडीच्या आतल्या भागात हे होतंय, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय.

यात बिघडलं काय? फ्लेमिंगो झाडांवर नाही, ओहोटीच्या उघड्या चिखलावर पोट भरतात. त्यांच्यासाठीच २०१५ मध्ये ठाणे खाडीत अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. काकांची निवट्या आणि चिंबोरीही त्याच चिखलातली. पाणथळ जागा म्हणजे झाडं, चिखल आणि पाणी, तिघांचा संसार. नुसता हिरवा रंग मोजला तर दोघांचा हिशेबच लागत नाही.

याचा अर्थ कांदळवन तोडायला हरकत नाही, असा मुळीच काढू नका. गोराईपासून वर्सोव्यापर्यंत कुठे भराव पडतोय, हेही हीच चित्रं दाखवतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली, भोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको म्हटलं आणि राज्यातलं कांदळवन उपग्रहाच्या मदतीने नकाशावर आणायला सांगितलं. २०१८ च्या निकालात न्यायालयाने ते नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असंही सांगितलं. तारखेसकट चित्र असेल, तर 'इथे कधी झाडं नव्हतीच' हे म्हणणं अवघड जातं.

तर या आठवड्याचं काम. फोनच्या ब्राउझरमध्ये कोपर्निकस ब्राउझर उघडा, तुमच्या घराजवळची खाडी शोधा. मालाड, दहिसर, विक्रोळी, काहीही. दोन वर्षं निवडा, महिना एकच, तिथी जवळची. फरक दिसला की लगेच स्टेटसला टाकू नका. आधी तिथे जाऊन या, आणि त्या पाण्यावर पोट असलेल्या कोणाला तरी दाखवा.

मी परवा काकांना नवी जोडी दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "आता बरोबर." आणि मग बोट एका हिरव्या ठिपक्यावर ठेवलं. "हितं आमी जाळं टाकायचो."

भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज तिथी कोणती आहे, बघितलीत का?