खरी कमाई
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी शाळेचे निकाल आणि पारितोषिके यांविषयी मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र बटाटेवड्यांच्या एका स्टॉलविषयी बोलणार आहे.

हैदराबादकरांना ‘नुमाइश’ नव्याने सांगायला नको. १९३८ साली सुरू झालेले हे प्रदर्शन जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर भरते. काही वर्षांपूर्वी तेथे आपल्या नववीतील एक विद्यार्थी मला दिसला. आई वडे तळत होती, तो द्रोण भरत होता. माझ्याकडे लक्ष जाताच तो पाठमोरा झाला. पुढे त्याचा प्रवेश-अर्ज पाहिला, तर आईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ असे लिहिलेले होते.

मुलाचा राग आला नाही. श्रमप्रतिष्ठेवर दरवर्षी निबंध लिहून घेणाऱ्या शाळेत त्याला आईचे काम लपवावेसे का वाटले, हा प्रश्न मात्र बोचत राहिला. आनंदमेळाव्यापूर्वी त्याच्या आईंना वर्गात बोलावू का, असे मी त्याला विचारले. दोन दिवस तो गप्प होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “बोलवा, बाई.”

त्या आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंनी फळ्यासमोर उभे राहून जे सांगितले, ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. रयतु बाजारात सकाळी शेतकऱ्याकडूनच बटाटा घ्यावा. उकडलेल्या बटाट्याचे सारण उष्म्यात टिकत नाही, म्हणून थोडे थोडे करावे. सुटे पैसे आदल्या दिवशीच जमवावेत. तेल काळवंडले की ओतून द्यावे, त्याचा लोभ धरू नये. तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक नसावेत, हा जुलै २०१८ पासूनचा नियम आमच्या विज्ञानशिक्षकांनी तेथेच जोडून दिला.

मेळाव्यात चौघा विद्यार्थ्यांनी स्टॉल चालवला. एका प्लेटला सामानाचा खर्च १८ रुपये, विक्री ४० रुपये. जागा व गॅस मिळून ९०० रुपये. ८० प्लेटांची तयारी केली, ६० खपल्या. विक्रीचे २४०० आले, सामानाला १४४० आणि वरचे ९०० गेले. शिल्लक ६० रुपये! वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेव्हा तोच मुलगा उठून म्हणाला, “बाई, चौघांची सहा तासांची मजुरी कुठे धरली?”

वर्ग स्तब्ध झाला. माणशी १५ रुपये, म्हणजे तासाला अडीच रुपये. आपल्या घरचा हिशेब त्याने त्या दिवशी सर्वांसमोर मांडला होता आणि तो मांडताना त्याची मान ताठ होती.

जूनमध्ये दहावीचा अर्ज त्याने स्वतः भरला. आईच्या व्यवसायापुढे त्याने लिहिले होते : ‘खाद्यपदार्थ विक्रेती’.

पालकहो, आपण काय काम करता, हे मुलांना निःसंकोच सांगू द्या. माजी विद्यार्थ्यांनो, आपण आज मोठमोठ्या पदांवर आहात. पण आपल्यापैकी जे दुकान, खानावळ वा गाडी चालवतात, त्यांनीही वर्षातून एक तास आमच्या वर्गावर यावे. आनंदमेळाव्याच्या हिशेबवहीत मजुरीचा रकाना आता कायमचा आहे. तो कसा भरायचा, हे आपणच शिकवू शकाल.