घरातून कलेचा व्यवसाय करणाऱ्यांची तब्येत

(श्रावणातल्या रविवारी आरतीनंतर मंदिराच्या सभागृहात झालेलं आरोग्य व्याख्यान. वक्त्या निवृत्त फॅमिली डॉक्टर आहेत.)



सुरुवातीलाच एक विनंती. आत प्रसादाची भांडी आवरणाऱ्या भगिनींना कुणीतरी बाहेर बोलवा. भांडी अर्ध्या तासाने घासली तरी चालतील. आजचा विषय मुख्यतः त्यांचा आहे, आणि दरवेळी ज्यांच्यासाठी बोलायचं त्याच नेमक्या आत राहतात.

मागे आपण गुडघे केले, त्याआधी मधुमेह. या खेपेला विश्वस्तांनी 'ताणतणाव' हा विषय सुचवला. ताणावर हल्ली सगळेच बोलतात, त्यामुळे मी तो जरा आवळून घेते. मला बोलायचंय ते आपल्यातल्या त्या माणसांबद्दल, जी हातातली कला विकून घर चालवतात. शाडूचे गणपती करणाऱ्या, मखरं सजवणाऱ्या, उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या, नऊवारी शिवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, घरी हार्मोनियमचे वर्ग घेणाऱ्या. आपल्या आरतीसंग्रहाचं मुखपृष्ठ करून देणारा तो मुलगाही त्यातच आला. त्याला आपण दरवर्षी 'पाच मिनिटांचं तर काम आहे' म्हणून सांगतो आणि तो तीन रात्री जागतो.

पुढे बसलेल्या ज्येष्ठांना वाटेल, आमचा यात काय संबंध? संबंध आहे. तुम्ही यांचे गिऱ्हाईक आहात. तुमच्यातले काही यांच्या सासूबाई, आई, सासरे आहेत, आणि सणाच्या आधी त्यांच्याबरोबर तुम्हीही ओट्याशी उभे असता.

आधी शरीराचं सांगते. धोका दिसला की शरीर तयारीला लागतं. मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात ढकलतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं. वाघ मागे लागला तर हे सगळं उपयोगी. वाघ गेला की शरीर परत जागेवर येतं. व्हॉट्सअॅपवर रात्री साडेअकराला 'ताई, अजून ५१ मोदक वाढवता येतील का?' असा निरोप आला, तरीही शरीर तीच तयारी करतं. फरक एवढाच की हा वाघ जात नाही. सकाळी दुसरा येतो.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून याचे तीन टप्पे मांडले. पहिला इशाऱ्याचा, दुसरा तग धरण्याचा, तिसरा खचण्याचा. त्यांच्या मांडणीत पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण दवाखान्यात बसून मला तो मधला टप्पा नेहमी आठवायचा. कारण त्या टप्प्यात माणूस बाहेरून उत्तम दिसतो. भराभर काम उरकतो. झोप पाच तासांवर आलेली असते, पण 'मला लागतच नाही झोप' असं अभिमानाने सांगतो. आणि आपण काय करतो? कौतुक करतो. 'एकटी सगळं करते हो, कमाल आहे तिची.' ज्या वेळी कुणीतरी हात धरून खाली बसवायला हवं, नेमकी त्याच वेळी आपण टाळ्या वाजवतो.

एक उदाहरण देते. त्या बाईंची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. मखरं आणि रुखवताच्या वस्तू करतात, हात असा की बघत राहावं. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आठ दिवस आधी याच सभागृहात आपण रक्तदाब तपासणीचं टेबल लावलं होतं. त्या तपासायला आल्याच नव्हत्या, सजावटीचं माप घ्यायला आल्या होत्या. मी बळेच बसवलं. वरचा आकडा १९० च्या पुढे. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, तरी तोच. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधुक होत होतं, ते त्यांनी बारीक मण्यांच्या कामावर ढकललं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरताई, विसर्जन होऊ दे, मग जाते. चौदा मखरं राहिलीत."

अशा वेळी अर्धांगवायू विसर्जनाची वाट बघत नाही. त्यांना नेलं, दाखल करून घेतलं, औषधं सुरू झाली. त्या चौदा मखरांचं काय झालं हे ऐका. चार जणींनी वाटून घेतली. दोन घरांनी साध्या फुलांच्या माळांवर भागवलं. गणपती चौदाही घरांत बसले आणि कुणाचाही बाप्पा रुसला नाही.

अडचण पुढे आली. त्या बाई तीन महिने काम करू शकल्या नाहीत. इथे नोकरदाराला आजारपणात मालकाकडून सिक पे मिळतो, स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला तो मिळत नाही. नॅशनल इन्शुरन्सचे हप्ते पुरेसे भरले असतील तर 'न्यू स्टाइल एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स'साठी अर्ज करता येतो, पण हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. उत्पन्न अगदी कमी असलं तरी स्वेच्छेने हप्ते भरता येतात, याची चौकशी करून ठेवा. सिटिझन्स अॅडव्हाइसमध्ये हे विनामूल्य समजावून सांगतात. त्या वेळी आपल्या ट्रस्टच्या मदतनिधीतून त्यांना थोडा हातभार लागला. थोडाच, कारण निधीत तेवढंच होतं.

आता त्यांनी काय बदललं ते बघा. त्यांनी ध्यान-शिबिर केलं नाही की महागडं तेल आणलं नाही. एक तारीख ठरवली. नारळी पौर्णिमेला गणपतीच्या ऑर्डरची वही बंद. दुसऱ्या दिवशी सख्ख्या नणंदेचा फोन आला तरी बंद. त्याच धर्तीवर फराळवाल्या एकीने दसऱ्याला वही मिटायला सुरुवात केली आहे. आपल्या पंचांगात या सोयी आयत्या आहेत, त्या वापरा. माझ्या अनुभवात या मंडळींचा ताण कामाच्या ढिगाऱ्यापेक्षा त्या ढिगाऱ्याला शेवट नसण्यातून जास्त येतो. शंभर मोदक करायचे हे ठरलेलं असलं की माणूस शंभर करतो आणि झोपतो. शंभराचे किती होतील ते माहीत नसलं की अंथरुणात पडूनही मन वळकट्या वळत बसतं.

दुसरं म्हणजे हिशेब. एकदा घड्याळ लावून बघा. सराईत हाताला एका मोदकाच्या पाकळ्या पाडून तो मिटायला दोन मिनिटं धरली, तर १०१ मोदकांना साडेतीन तास नुसते वळण्यातच गेले. नारळ खवणं, सारण, उकड काढून मळणं, वाफवणं, डबे भरणं, ओटा धुणं वेगळंच. हे सगळे तास मांडून किमतीला भागा. बऱ्याच जणींना तासाला इथल्या किमान वेतनाइतकेही पडत नाहीत. मग कमी पडलेला पैसा भरून काढायला आणखी ऑर्डर घ्यायच्या आणि आणखी जागायचं. रक्तदाबाच्या गोळीने हे गणित सुटत नाही, दर वाढवावे लागतात. पावत्यांचंही तेच. चपलांच्या खोक्यात वर्षभर पावत्या टाकायच्या आणि ३१ जानेवारीच्या मुदतीआधी टॅक्स रिटर्नसाठी दोन रात्री रडायचं, त्यापेक्षा दर एकादशीला अर्धा तास वही लिहा. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकाचा वेळ वाचतो म्हणतात. (साबुदाण्याची खिचडी करणाऱ्यांना हे पटणार नाही.)

आता हात. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन जाग आणतात, हात झटकला की बरं वाटतं, असं कुणाला होतं? बघा, किती हात वर गेले. मनगटातल्या अरुंद बोगद्यात एक मज्जातंतू दाबला जातो, त्याला कार्पल टनेल म्हणतात. शिवण, लाटणं, मेंदीचा कोन, माती मळणं, यातलं सतत मनगट वाकवून केलेलं काम ते वाढवतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधून झोपलं तर पुष्कळांना आराम पडतो. पण बधिरपणा दिवसभर राहू लागला किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसायला लागला, तर 'सण झाल्यावर' म्हणू नका. मज्जातंतू फार काळ दाबला गेला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण ताकद येईलच असं नाही. आणि तुमचा हात हीच तुमची सगळी इस्टेट आहे.

ज्येष्ठांनो, आता तुमच्याकडे येते. नैवेद्याचं आहे म्हणून देवाला दाखवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही आपली रीत. मी तिचा अनादर करत नाही. पण सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि दुपारी दोनपर्यंत सुनेबरोबर मोदक वळत उपाशी उभ्या, असं चालणार नाही. विशेषतः ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर एकदम खाली उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं, आणि त्या वेळी शेजारी उकळतं पाणी असतं. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी किंवा फार्मासिस्टशी बोला. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. आणि दर तासाला बसा. बसून मोदक वळला तर तो कमी सोवळ्याचा होत नाही.

रक्तदाबाचं यंत्र घरी असेल तर नीट वापरा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, किमान चार दिवस, जमल्यास आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर दवाखान्यात दाखवा. यंत्र नसेल तर इंग्लंडमध्ये चाळिशी ओलांडलेल्या आणि आधी उच्च रक्तदाबाचं निदान न झालेल्या माणसाला बऱ्याच फार्मसींत ही तपासणी मोफत करून मिळते. मनाचं ओझं असह्य झालं तर एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवता येतं. अगदीच टोकाला गेल्यासारखं वाटलं तर १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा, किंवा समॅरिटन्सना ११६ १२३ वर. दिवसरात्र, विनाशुल्क. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांना मात्र सरळ ९९९.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे आणि विश्वस्तांसमोर बोलते आहे, तेव्हा समजून घ्या. आपण 'सेवा' हा शब्द फार सैल वापरतो. कुणी आपणहून गाभाऱ्यापुढची रांगोळी काढली, ती सेवा. पण तिचा रोजगारच रांगोळीचा आहे, आणि आपण फोन करून म्हणतो, "देवाचंच काम आहे, पैशाचं काय बोलायचं?" तिला नाही म्हणता येत नाही. देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्यांत झोप उडालेल्या दोन-तीन जणी अशा होत्या की त्यांच्या पैसे देणाऱ्या ऑर्डर रात्री होत असत, कारण दिवस देवळात जात असे. माझी सूचना अशी की मंदिराने अशा प्रत्येक कामाचा दर विचारावा, तो द्यावा, आणि मग ज्याला त्यातलं काही दानपेटीत टाकायचं असेल त्याने टाकावं. फुलवाल्याला आणि तंबूवाल्याला आपण रोख मोजतोच ना.

तुम्हा सगळ्यांकडूनही मला चार गोष्टी हव्या आहेत. नारळी पौर्णिमेला अजून काही दिवस आहेत, तेव्हा गणपतीची ऑर्डर या आठवड्यात द्या. देताना निम्मे पैसे आगाऊ द्या. 'घरचंच आहे ना' म्हणून घासाघीस करू नका. रात्री नऊनंतर निरोप पाठवू नका, सकाळी पाठवा.

ज्यांना गाडी चालवता येते अशा स्वयंसेवकांची गरज आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी डबे आणि मखरं पोहोचवायची आहेत. म्हणजे ज्या बाईने पहाटेपर्यंत काम केलं तिला स्टिअरिंगवर बसावं लागणार नाही. झोप न झालेल्या माणसाने गाडी चालवणं मला रक्तदाबाइतकंच भीतीदायक वाटतं. ज्यांना दोन-तीन तास एखाद्या घरच्या आजी-आजोबांसोबत बसता येईल त्यांनीही नाव द्यावं. मदतनिधीची पेटी दाराशी आहे. आजारपणात कमाई थांबलेल्या सभासदासाठीचा भाग वेगळा ठेवायचं विश्वस्तांनी मान्य केलं आहे, पाकिटावर तसं लिहा.

आता मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी यंत्र घेऊन बसते आहे, दोन वाजेपर्यंत. चहा प्यायला असाल तर अर्धा तास थांबून या, बाही वर सरकेल असे कपडे असू द्या, औषधांच्या गोळ्या असतील तर पाकिटासकट दाखवा. आणि पहिला नंबर स्वयंपाकघरातल्या मंडळींचा. ज्येष्ठांनो, तोवर भांडी तुमच्यापैकी कुणी बघितली तर बरं होईल. विश्वस्तांपैकी दोघे उठलेले दिसतायत, त्यांना हातमोजे सिंकखालच्या कपाटात मिळतील.