लिंबातली कोळंबी, पुरीवरची



आज ज्या पदार्थाबद्दल बोलायचं आहे, तो एका घासात संपतो. कुरकुरीत पुरी, तिच्यावर लिंबाच्या रसात मुरलेली कोळंबी किंवा मासा, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. ऐकताना तुम्हाला शेवपुरी आठवली असेल, आणि ती आठवण आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. पण पदार्थ मूळचा आपल्या चौपाटीचा नाही. तो दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा. त्याचं नाव सेविचे. पेरू देशात त्याचं इतकं कौतुक आहे की 28 जून हा तिथे सेविचेचा राष्ट्रीय दिवस असतो, आणि 2023 साली युनेस्कोने सेविचे करण्या-खाण्याची ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

या पदार्थातली मिरची मूळची तिकडची आणि लिंबू आशियातलं. कोलंबस 1493 मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा लिंबूवर्गीय फळांच्या बिया जहाजावर होत्या. मिरचीचा प्रवास उलट्या दिशेने झाला. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्याला आणली आणि आपल्या ठेच्याची सोय झाली. लिंबू पोचायच्या आधी पेरूच्या किनाऱ्यावर टुंबो नावाच्या आंबट फळाच्या रसात मासे मुरवत, असं तिथले लोक मानतात. आज मात्र लिंबाशिवाय सेविचे नाही, आणि ते लिंबू म्हणजे पिवळं मोठं विलायती लिंबू नव्हे. लहान, पातळ सालीचं, भरपूर आंबट. आपलं कागदी लिंबू आणि ते एकाच जातीचं आहे. तेव्हा रेसिपीच्या पुस्तकात ‘लाइम’ दिसलं की महागड्या दुकानात जाऊ नका, भाजीवाल्याकडेच जा.

आता लिंबू माशाला नेमकं काय करतं ते पाहू. माशाच्या मांसातली प्रथिनं गुंडाळीसारखी वळलेली असतात. उष्णता लागली की ती गुंडाळी उलगडते, प्रथिनं एकमेकांत अडकतात, आणि अर्धपारदर्शक मांस पांढरं, घट्ट होतं. लिंबाच्या आम्लानेही तसंच होतं. म्हणून सेविचे पाहून लोक म्हणतात, मासा लिंबात शिजला. दिसायला शिजला हे खरं. पण विस्तवाने जे जंतू आणि कृमी मरतात ते लिंबाने मरतीलच असं नाही. ॲनिसाकिस नावाची एक बारीक अळी समुद्री माशांत असते. ती लिंबाच्या रसात खुशाल जिवंत राहते. तिचा बंदोबस्त करायला मासा उणे 20 अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवावा लागतो. आपल्या घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे 18 च्या आसपास असतो, आणि दिवसातून वीजही एखाद-दोनदा जाते. शिवाय थंडीने अळी मरते, जिवाणू मात्र नुसते झोपतात.

पेरूला या गोष्टीचा मोठा चटका बसलेला आहे. 1991 च्या जानेवारीत तिथे कॉलऱ्याची साथ आली. वर्षभरात तीन लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे तीन हजार दगावले. दूषित पाणी हे मोठं कारण होतं, पण कच्च्या माशाकडेही बोट दाखवलं गेलं आणि मासेमारांचा धंदा बसला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कच्चा मासा खाऊन दाखवला. राजकारणी माणसाच्या पोटावर आपण आपल्या स्वयंपाकघराचे नियम ठरवू नयेत, एवढंच मी म्हणेन.

मग करायचं काय? उत्तर पेरूच्या शेजारीच आहे. इक्वाडोरमध्ये कोळंबीचं सेविचे करताना कोळंबी आधी उकळत्या पाण्यात शिजवून घेतात आणि मग रसात घालतात. म्हणजे शिजवून केलं तर अस्सल नाही, अशी शंका घ्यायचं कारण नाही. एका अख्ख्या देशाची तीच रीत आहे. तिथे लिंबाबरोबर संत्र्याचा रसही घालतात. नागपुरी संत्री बाजारात असतील तेव्हा हे जरूर करून पाहा, लिंबाचा चरचरीतपणा थोडा सौम्य होतो.

कोळंबीबद्दलही एक गोष्ट सांगतो. दुकानात गोठवलेल्या पाकिटात जी मिळते ती बहुतेक व्हेनामी जातीची असते. ही जात मूळची मेक्सिकोपासून उत्तर पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे 2009 पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या तळ्यांतून ती देशभर पसरली. चवीला मी समुद्राचीच कोळंबी वरची मानतो, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा व्हेनामीने काही बिघडत नाही. ती तर या पदार्थाच्या माहेरचीच.

आता कृती. सोललेली, पाठीतली काळी शीर काढलेली पाव किलो मध्यम कोळंबी घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या, त्यात सढळ हाताने मीठ घाला आणि कोळंबी सोडा. दोनेक मिनिटांत ती वळते, गुलाबी होते, आतून काचेसारखी दिसायची थांबते. एक मधोमध कापून बघा; आत करडं दिसलं तर अजून अर्धा मिनिट. लगेच निथळून बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ चुकवू नका. कोळंबी गरम राहिली तर आतल्या आत शिजत राहते, आणि मग लिंबू तिला आणखी आवळतं. खाताना रबर चावल्यासारखं वाटतं. गार झाली की निथळा, फडक्याने टिपा आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. पुरीवर बसायचं तर तुकडा लहान हवा.

कांदा एक, लहान. अगदी बारीक चिरून मिठाच्या गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या. त्याचा उग्रपणा जातो, कुरकुरीतपणा राहतो. अर्धी काकडी, बिया काढून. तीन-चार लवंगी मिरच्या. पेरूत यासाठी आहि लिमो नावाची वासाची मिरची वापरतात, मेक्सिकोत सेरानो. आपल्या लवंगीला त्यांचा सुगंध नाही, पण तिखटपणात ती मागे हटत नाही. मिरची चिरण्यापेक्षा मीठ आणि दोन लसणाच्या पाकळ्यांबरोबर खलात चेचा. रस सगळीकडे सारखा तिखट लागतो, नाहीतर एका पाहुण्याला काहीच कळत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

लिंबं पाच. पिळताना शेवटच्या थेंबासाठी झटू नका. फार दाबलं की सालीतलं कडू तेल रसात उतरतं. पेरूतले आचारी लिंबू अर्धवटच पिळून टाकून देतात. आपल्या हाताला ती उधळपट्टी जड जाते, तर पिळलेल्या सालांचं लोणचं घाला. बाटलीतला तयार रस मात्र वापरू नका. या पदार्थात लिंबाची चव लपवायला दुसरं काहीच नसतं.

आता वेळेकडे लक्ष द्या, कारण या पदार्थात बाकी सगळं सोपं आहे. कोळंबी, कांदा, काकडी, चेचलेली मिरची आणि रस एकत्र केला की पहिलं घड्याळ सुरू होतं. शिजवलेल्या कोळंबीला दहा ते पंधरा मिनिटं पुरेत. तासभर ठेवली तर ती भुसभुशीत, पिठूळ होते. पेरूतही पूर्वी मासा तासन्‌तास लिंबात बुडवून ठेवत. 1899 मध्ये साकुरा मारू या जहाजाने जपानी मजुरांची पहिली मोठी तुकडी पेरूत उतरली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले काही जण हॉटेलांत शिरले. ताज्या माशाला फार छळायचं नाही ही त्यांची शिस्त, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरवण्याचे तास मिनिटांवर आले, त्यात त्यांचा वाटा मोठा. आज लिमा शहरातल्या चांगल्या सेविचेच्या खानावळीत तुम्ही मागणी दिल्यावर मासा लिंबात पडतो. आणि यांतल्या पुष्कळशा खानावळी दुपारनंतर बंद होतात. सकाळी आलेला मासा दुपारी संपला पाहिजे, असा तिथला जुना दंडक.

दुसरं घड्याळ पुरीचं. मेक्सिकोत ही जागा तोस्तादा घेते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून त्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया करतात. त्या वाळल्या की तळून कडक करतात. सिनालोआ प्रांतात अग्वाचिले नावाचा सेविचेचा जहाल भाऊ आहे, त्याच्याबरोबर ही तोस्तादा हवीच. इक्वाडोरमध्ये शेजारी कच्च्या केळ्याचे वेफर आणि चक्क लाह्या ठेवतात. आपल्याकडे सर्वांत जवळची म्हणजे शेवपुरीची चपटी पुरी. पाणीपुरीची फुगीर पुरीही चालेल, पण तिचं कवच पातळ असतं, रस लगेच झिरपतो.

घरी करायच्या तर एक वाटी मैदा, दोन चमचे बारीक रवा, चिमूटभर ओवा, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवा, वीस मिनिटं झाकून ठेवा. पातळ लाटून काट्याने टोचे मारा, म्हणजे फुगणार नाहीत. बाटलीच्या झाकणाने गोल पाडा. वाटीचा आकार हवा असेल तर लहान स्टीलच्या वाटीला बाहेरून तेल लावून पारी तिच्यावर चिकटवा आणि वाटीसकट तेलात सोडा. थोड्या वेळाने पारी आपोआप सुटते. आच मंदच्या जरा वर. तेलातले बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत धीर धरा. रंग आला म्हणून लवकर काढली तर आत ओल राहते आणि तासाभरात पुरी नरम पडते. तळण नको असेल तर समोशाच्या पट्ट्या कापून, तेलाचा हात लावून मफिनच्या साच्यात दाबा आणि 180 अंशांवर खरपूस होईपर्यंत भाजा.

इतकं करूनही ओलं सारण पडलं की पुरीतला कोरडा स्टार्च पाणी ओढू लागतो. पाच-सात मिनिटं, फार तर. उपाय दोन. एक, सारण गाळणीत निथळून मगच भरायचं. दुसरा, मध्ये एक थर घालायचा. मेक्सिकोत तोस्तादाला मेयोनीज फासतात किंवा वर अव्होकाडो ठेवतात. स्निग्ध थरातून पाणी खाली जात नाही. मला मेयोनीजची गोडसर चव लिंबापाशी नकोशी वाटते. शेवपुरीवाला हेच काम कुस्करलेल्या बटाट्याकडून करून घेतो, चटणी बटाट्यात अडकते आणि पुरी वाचते. पेरूत सेविचेबरोबर उकडलेलं रताळं देतात. तेव्हा मी पुरीवर रताळ्याचा पातळ थर देतो. गोड, आंबट, तिखट, सगळंच तोंडात येतं, आणि पुरीही टिकते.

ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी अर्थातच याच्या वाटेला जाऊ नये. सुरमईचं करायचं तर तिचेही तुकडे आधी वाफवून घ्या. आणि कोकणातली, गोव्यातली मंडळी विचारतील, सुकटाचं काय? गोव्याचं किसमूर आठवा: भाजलेला जवळा, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि आंबट. चिंचेऐवजी लिंबू पिळून ते पुरीवर घातलं, तर ओलावा कमी असल्याने पुरी बराच वेळ कडक राहते. पाहुणे वेळेवर येण्याची खात्री नसेल तर हाच बेत करा.

वाढताना ताट सजवून बाहेर नेण्याचा मोह आवरा. सहा-आठ पुऱ्या भरा, फिरवा, परत आत येऊन पुढच्या भरा. कोथिंबीर अगदी शेवटी. निथळलेला रस फेकू नका; त्याला पेरूत वाघाचं दूध म्हणतात आणि लहान ग्लासातून पितात. बर्फाचा खडा आणि किंचित मीठ घालून ज्याला सोसेल त्याला द्या. पाव किलो कोळंबीत पंचवीस-तीस पुऱ्या होतात. भरलेलं काही उरवू नका. कोऱ्या पुऱ्या उरल्या तर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात, रविवारी त्यांची शेवपुरी करता येईल.