सीताबर्डीचा तो एक दिवस



सावनेरहून खरेदीला नागपूरला जाणाऱ्याला बर्डी चुकत नाही. तिथल्या टेकडीवर आज किल्ला दिसतो. 1817 साली तो नव्हता. एक मोठी आणि एक लहान अशा दोन उघड्या टेकड्या होत्या, आणि जवळच इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचे निवासस्थान.

5 नोव्हेंबरला पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांशी भिडली. पाठोपाठ 26 तारखेच्या संध्याकाळी नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सीताबर्डीवर धडाडल्या. भोसल्यांचे राजे अप्पासाहेब यांची फौज 18 हजारांच्या आसपास, तर टेकड्यांवर इंग्रजांच्या कर्नल स्कॉटचे जेमतेम 1,400 शिपाई. मध्यरात्र उलटेपर्यंत गोळीबार चालला. सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात भोसल्यांच्या अरब शिपायांनी टेकडी घेतली. तिथली तोफ त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळवली. बाजी हातात आली होती!

एवढ्यात इंग्रजांचा कॅप्टन फिट्झजेराल्ड मूठभर घोडेस्वार घेऊन मैदानात घुसला आणि त्याने भोसल्यांच्या तोफा काबीज केल्या. ते पाहून इंग्रजांच्या पायदळाला चेव आला, टेकडी परत गेली. दुपारपर्यंत सारे आटोपले.

खरे तर भोसल्यांची बहुतेक फौज शाबूत होती. खचला तो दरबार. हल्ला आपल्या हुकमाने झालाच नाही, असा निरोप अप्पासाहेबांनी रेसिडेंटला धाडला. 29 नोव्हेंबरला इंग्रजांची पहिली कुमक आली, 12 डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन पोहोचला. 16 डिसेंबरला राजे स्वतः जेंकिन्सकडे गेले.

अमेरिकेत नेमके उलटे घडले होते. 1775 च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला इंग्रजांच्या गोळ्यांनी आठ माणसे पडली. तेवढ्यावर गावोगावचे शेतकरी बंदुका घेऊन धावले आणि त्यांनी बोस्टनला वेढा घातला. चकमक लहानच होती, पण पुढच्या दिवसांत कोण हलले आणि कोण थबकले, यावर युद्धाची दिशा ठरली.

नागपूरकरांची हिंमत मात्र संपली नव्हती. राजे गेल्यावरही अरबांनी डिसेंबरअखेरपर्यंत शहर लढवले. मे 1818 मध्ये अप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. जुलैमध्ये सावनेरच्या उत्तरेला, बैतूल भागात, त्यांच्या माणसांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. पण आता पाठीशी राजधानी नव्हती, खजिना नव्हता. एप्रिल 1819 मध्ये त्यांचा शेवटचा आसरा असलेला असीरगडही पडला आणि इंग्रजांनी सीताबर्डीच्या टेकडीवर आपला किल्ला उभा केला.